दुसऱ्या वहीतलं अक्षर

आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळूरात गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. चिकपेटेतल्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात ते हिशेब लिहीत. मालक आमच्यातलेच, आणि तिथले हिशेब अजून मोडीत चालत. लहानपणी अण्णांनी मलाही मोडी शिकवली होती.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मला प्राप्तिकर कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. माझ्या विभागात मी एकटीच बाई. दुसऱ्या वर्षी, एका सकाळी आमचे अधिकारी पोलीस बरोबर घेऊन कुठेतरी गेले आणि दुपारी दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन आले. साहेब तमिळ होते. त्यांनी मला बोलावलं.

"तुम्ही मराठी ना? ही लिपी वाचता येते?"

त्यांनी लाल कापडी बांधणीची एक वही पुढे सरकवली. ती गादीखाली सापडली होती, सरकारला दाखवायची वही वेगळी होती. मी पान उघडलं. अक्षर अण्णांचं होतं. माझं नाव लिहायला ज्या हाताने मला शिकवलं, तो हात मी कसा ओळखणार नाही? पान वाचलं. पावती न देता विकलेल्या साड्या, रोख रक्कम, गिऱ्हाइकांची नावं, सगळं ओळीने.

"नाही सर," मी म्हणाले. "नीट लागत नाही."

संध्याकाळी घरी गेले तर अण्णा शर्ट न काढताच पलंगावर बसले होते.

"तुला दाखवली?" त्यांनी विचारलं.

"दाखवली. वाचता येत नाही म्हणून सांगितलं."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. मग शर्टाची बटणं सोडत म्हणाले, "तुझ्या आईच्या ऑपरेशनचे पैसे मालकांनी दिले. परत मागितले नाहीत. त्यांनी दुसरी वही लिहा म्हटलं, मी लिहिली."

"किती वर्षं?"

ते उठून हातपाय धुवायला गेले. आईने पानं वाढली, पण आम्ही कोणीच नीट जेवलो नाही.

तीन दिवस मी ऑफिसात खोटेपणाने वावरले. चौथ्या दिवशी साहेबांनी सांगितलं की पुण्याहून मोडी वाचणारा माणूस येणार आहे. म्हणजे सगळं बाहेर येणारच होतं. मी भीतीपोटी बोलले की लाजेपोटी, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मला वाचता येतं. ते माझ्या वडिलांचं अक्षर आहे."

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे लिहून द्या. आजपासून या फायलीला तुम्ही हात लावायचा नाही."

अण्णांना समन्स गेलं. साहेबांनी त्यांना शपथ देऊन विचारलं, "ही वही कोणी लिहिली?"

"मी."

"मग तुम्हीच वाचा."

आणि अण्णा वाचत राहिले. पाच दिवस. मी पलीकडच्या खोलीत टाइप करत होते, मधे फक्त लाकडी फळ्यांची भिंत. अण्णा एकेक ओळ मराठीत वाचायचे, मग कन्नडमध्ये सांगायचे. आवाज अगदी सपाट. तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं की हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं. माझी बोटं टाइपरायटरवर तशीच थांबली. मग अण्णांनी मालकांचं नाव घेतलं. त्यानंतर त्यांना खोकल्याची उबळ आली आणि शिपाई पाणी घेऊन धावला.

मालकांना मोठा दंड झाला, पुढे खटला झाला आणि काही महिन्यांची कैदही. साक्ष दिल्यामुळे अण्णा सुटले, पण चिकपेटेत त्यांना कोणी उभं करेना. माझ्या खोट्या उत्तराबद्दल मला मेमो मिळाला, पगारवाढ रोखली गेली. नात्यातल्या एका अक्कांनी तर लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर म्हटलं, "हिनेच बापाला सरकारच्या दारात नेलं." आई ताट सोडून उठली. मी बसून राहिले, कारण ते सरळ नाकारता येत नव्हतं.

घरी अण्णा माझ्याशी बोलत नसत. "तिला सांग," "तिला विचार," सगळं आईमार्फत. मी पुढे तापाने आजारी पडले, तेव्हा ते खाटेशी येऊन बसले. मी विचारलं, "अण्णा, माझा राग येतो?"

"तुझा कसला राग," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी मालकांचं अन्न खातो म्हणून लिहितो. तिथे मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं, मी चोरी लिहीत होतो. आणि तरी त्यांचं नाव घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही खरं आहे. काय करू?"

त्यांनी माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

नंतर एका लाकडाच्या वखारीत त्यांना काम मिळालं, आलेल्या गाड्या मोजायचं. मी अर्ज करून पगारपत्रकांच्या विभागात बदली घेतली. मालक सुटून आले तेव्हा अण्णा त्यांच्या घरी गेले होते, हे मला आईकडून कळलं. दार उघडलं गेलं का, तेवढं मात्र तिलाही त्यांनी सांगितलं नाही.