राऊतबाई आणि पांगाऱ्याचं झाड
राऊतबाईंच्या शोकसभेत आमच्या संस्थेच्या चिटणीसांनी त्यांना 'निसर्गप्रेमी' म्हटलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठल्या तोंडानं म्हणाला हा माणूस?

बाई नववीला जीवशास्त्र शिकवत. पहिल्याच तासाला टेबलावर विहिरीच्या कडेचा नेचा आणि पांगाऱ्याची शेंग ठेवून विचारत, "यातलं मोठं कोण?" आम्ही पोरं पांगारा म्हणून मोकळे व्हायचो. मग बाई म्हणत, "नेचा जन्मात फुलत नाही, तरी त्याचं अडत नाही. पांगारा फुलायच्या वेळी अंगावर पान ठेवत नाही. एकाच्या मापानं दुसऱ्याला मोजू नये, बाबांनो."

मी नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके कीड समजून खरवडून काढले होते. "अरे, त्यातूनच त्याची पुढची पिढी यायची होती," एवढंच म्हणाल्या आणि दुसरं पान हातात दिलं. बाई इथल्याच, डहाणूजवळच्या वरोर गावच्या. माहेरच्या वाडीत पानवेल पांगाऱ्यावर चढवत. तिथलीच एक फांदी आणून त्यांनी शाळेच्या अंगणात रोवली, जगवली. निवृत्तीनंतरही रोज सकाळी त्या झाडाखाली येऊन बसत.

मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालो. माघात कोणी बडे पाहुणे यायचे होते. चिटणीस म्हणाले, "हे वाळकं खोड कशाला ठेवलंय? पाडा. इथे हिरव्या कुंड्या मांडू." उभा जन्म डहाणूत गेला, आणि पांगारा माघात उघडा असतो हे या गृहस्थाला ठाऊक नाही. डोंबल यांचं! पण मला तर ठाऊक होतं. कागद पुढे आला आणि मी निमूट सही केली. बाई तेव्हा भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या.

परतल्या तेव्हा अंगणात फांद्या पडल्या होत्या, टोकांना कळ्या धरलेल्या. विकत आणलेले नेचे शेजारी भर उन्हात करपत होते. बाईंनी नखानं फांदीची साल काढली. आत हिरवंगार.

"बाई, झाडच ते, दुसरं लावू," चिटणीस हसून म्हणाले आणि मांडव बघायला निघून गेले.

"बाई, त्यांनीच सांगितलं म्हणून..." मी चाचरलो.

"त्यांच्यावर माझा राग नाही," बाई म्हणाल्या. "ते माझ्या वर्गात कधी बसले नव्हते. तू बसला होतास."