चार निगेटिव्हांची एक रात्र

आमच्या संसारातली मधली काही वर्षं आम्ही चिठ्ठ्यांवर काढली. नवरा सुरतेजवळ इच्छापोरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला मेंटेनन्स सुपरवायझर, मी बँकेत, घर भेस्तानला. कंपनीची बस त्यांना रात्री साडेआठला चौकातून न्यायची आणि सकाळी पावणेआठला आणून सोडायची. सव्वानऊला मी निघायचे. मधल्या दीड तासात त्यांची आंघोळ, त्यांचं जेवण, माझा डबा, मुलीची वेणी. संध्याकाळी मी परतायचे तेव्हा ते दाढी करत असायचे. बोलायचं असेल ते कागदावर लिहून चहाच्या डब्यात ठेवायचं, कारण चहा दोघंही करायचो.

"गॅसचा नंबर लावला आहे." "मुलीला दुपारी उठून औषध देणे, विसरू नये." "विसरलो नाही. तीच विसरली होती." असा सगळा पत्रव्यवहार.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. शाळेत घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने मला पर्स घेऊन उभी काढली, स्वतःला फुगा दिला आणि बाबांना आडवं काढलं. बाईंनी मला बोलावून विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, झोपलेत."

त्या डिसेंबरात डब्यात एक चिठ्ठी आली. "जनरल शिफ्टला एक जागा निघाली आहे. जानेवारीअखेर अर्ज द्यायचा. बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. रात्री कारखान्यात साहेब नसतात, कुणी डोक्यावर उभं राहत नाही, मशीन आणि आपण, हे त्यांना आवडायचं. मला ते दिवसपाळीत हवे होते. अर्ज करा, असं दोन शब्दांत लिहून डब्यात टाकता आलं असतं. पण माझा स्वभाव असा की काही गोष्टी मागून मिळाल्या तर मला त्या मिळाल्यासारख्या वाटत नाहीत. मी लिहिलं, "साखर संपली."

आता ताऱ्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ह्यांच्या गावी, चोपड्याच्या बाजूला, अंगणात बाजेवर पडून त्यांनी मला ध्रुव दाखवला होता. बाकीचे सगळे तारे त्याच्याभोवती फिरतात म्हणाले. "फिरताना दिसतात?" मी विचारलं. "रात्रभर जागलीस तर दिसतील." मी दहा मिनिटांत झोपले. पुढे त्यांनी एक जुना, जड रशियन कॅमेरा घेतला आणि कुठल्याशा मासिकात वाचून त्यांच्या डोक्यात बसलं, की त्या फिरण्याचा फोटो काढायचा. कॅमेऱ्याची झडप तासन्‌तास उघडी ठेवली की प्रत्येक तारा फिल्मवर आपली रेघ ओढतो आणि ध्रुवाभोवती गोल होतात. पण तारे निघायच्या वेळी हे बसमध्ये बसायचे. उरला रविवार.

रविवारी आम्ही दोनदा गच्चीवर कॅमेरा लावला. स्टुडिओत रोल धुवायला मीच नेला, कारण तो बँकेच्या वाटेवर होता.

"बेन, आ रोल तो खाली छे," स्टुडिओवाला काका म्हणाला.

"रिकामा कसा असेल? नीट बघा."

"जोयुं. एक गॅसनो बाटलो छे, बाकी बद्धुं अंधारुं."

गॅसचा बाटला मुद्दाम काढला होता. अंधाराच्या फोटोत एक चौकट कुठे संपते ते कळत नाही, म्हणून आधी उजेडातला एक फोटो हवा, नाहीतर कात्री भलतीकडे चालते. घरात त्या वेळी स्वच्छ आणि स्थिर असं तेवढंच होतं. मी त्याच्या दिव्यावर फिल्म धरून त्याला रेघा दाखवल्या. रेघा होत्या, पण पिंजलेल्या दोऱ्यासारख्या, जाड आणि केसाळ. ह्यांनी आधी भिंगाला दोष दिला, मग स्टँडला, मग मला.

"तू झडपेची केबल हलवलीस."

"मी खाली भाकऱ्या करत होते."

"मग जिना उतरताना धक्का दिला असशील."

"हो, मी हत्तीणच आहे ना."

कारण आमच्या पायाखालीच होतं. इमारतीच्या मागे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने होते, ओळीने पत्र्याच्या शेड, आणि ते दिवसरात्र चालायचे. आमच्या घरातली जमीन बारा महिने थरथरायची. मांडणीवरचे पेले सरकत सरकत कडेला यायचे म्हणून सगळ्यांनी फळ्यांवर कापड अंथरलेलं असायचं. जळगावहून पाहुणे आले की पहिल्या रात्री उठून बसायचे, "भूकंप होतोय का?" आणि आम्ही हसायचो. आम्हाला ते जाणवतच नव्हतं. एवढे शहाणे आम्ही, भूकंपावर स्टँड उभा करून ताऱ्यांना सरळ चाला म्हणत होतो.

हे मला कळलं बुधवारी. आमच्या भागातल्या कारखान्यांना बुधवारी वीज नसायची. लूम बंद. त्या दिवशी इमारतीतली तान्ही मुलं झोपायची नाहीत, जन्मापासून खडखडाटातच झोपलेली. मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. कोपऱ्यात पाण्याची बादली होती. रोज तिच्यात बारीक वलयं असायची, त्या दिवशी पाणी काचेसारखं. मी दोरीवरचे कपडे सोडून बादलीकडे बघत उभी राहिले.

डब्यात चिठ्ठी टाकली, "बिल्डिंग हलते. बुधवारी हलत नाही."

सकाळी उत्तर, "मी गाढव आहे." खाली दुसऱ्या शाईत, "पण बुधवारी मी नसतो."

सुट्टी रविवारी, लूम बंद बुधवारी. हे जमणारं नव्हतं. मी लिहिलं, "मी असते." ते लिहिताना माझ्या डोक्यात एक आलं आणि ते मी लिहिलं नाही. ह्यांची बस निघते तेव्हापासून उजाडायला लागेपर्यंतचा फोटो काढायचा. अख्खी पाळी. मग त्यांच्यासमोर ठेवायचा. मागणं नाही, काही नाही, नुसतं ठेवायचं. जानेवारीचे चार बुधवार हातात होते.

पहिले तीन असेच गेले. सुरतेत ध्रुव फार खाली, आणि भेस्तानहून उत्तरेला खाली म्हणजे थेट शहराच्या उजेडात. पहिल्या बुधवारी रात्रभर झडप उघडी ठेवली तर फिल्म नुसती भाजून निघाली. ह्यांनी लिहून दिलं, "दोन-दोन तासांचे चार फोटो काढ. मध्ये फक्त फिल्म पुढे सरकव, स्टँडला हात लावू नकोस. चार निगेटिव्ह एकावर एक ठेवल्या तर रेघा जुळतील." दुसऱ्या बुधवारी भिंगावर दव पडलं आणि सगळं पुसट आलं. मी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम केली आणि रबराने भिंगाखाली बांधली, मुलीला सर्दी झाली की छातीला शेकते तशी. दर दोन तासांनी नवी. तिसऱ्या बुधवारी तो उपाय चालला, पण गजर वाजला नाही आणि मी झोपून गेले.

शेजारची ताई खान्देशातलीच, घरी बसून साड्यांना घड्या घालायची. तिने मला पहाटे गच्चीवरून उतरताना पकडलं.

"काय वं बाई, रातभर गच्चीवर काय करी ऱ्हायनी?"

"तारे काढते."

"माय वं! काढीसन ठेवशी कोठे? घरमा आधीच जागा नही."

चौथ्या बुधवारी मी मुलीला तिच्याकडे झोपवलं. साडेआठला गच्चीच्या कठड्यावरून चौकातली बस निघताना पाहिली आणि केबल दाबून तिचा स्क्रू घट्ट केला. मग घोंगडी गुंडाळून बसले. अशा शांततेची मला सवय नव्हती. वर बघून काही हलताना दिसत नव्हतं. पण अर्ध्या तासाने पाहिलं की सप्तर्षी टाकीच्या थोडे वर आलेले असायचे, न सांगता. ह्यांना आता हे दिसत असेल का, असा विचार आला. मग आठवलं, त्यांच्या डोक्यावर पत्रा आहे. अकरा वर्षांत मी ह्यांच्याबरोबर किती रात्री काढल्या, ते मी रविवार धरून मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. ओवा गार झाला होता.

साडेदहाला फिल्म सरकवली, साडेबाराला सरकवली. अडीचला तिसरा फोटो बंद केला आणि फिल्म सरकवणार, तेवढ्यात खाली जिन्यात पावलं वाजली. जड बूट, मधल्या पायरीवर थांबून पुढे. हे तसेच चढतात. कारखाना बंद पडला असेल, बस लवकर आली असेल, असं मनात येईपर्यंत मी तीन मजले उतरून खाली पोचलेही होते. वॉचमन होता. नळाचं पाणी आलं का पाहायला आला होता. "शुं थयुं, बेन?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, दार वाजलं वाटलं." वर येऊन घड्याळ पाहिलं तर पस्तीस मिनिटं गेली होती. जिन्यात किती वेळ बसले होते ते मलाच कळलं नाही. चौथा फोटो दोन तासांवर न थांबवता अगदी उजाडायच्या आधी बंद केला, दात घासले आणि बँकेत गेले.

स्टुडिओवाल्या काकांना आता चेव आला होता. त्यांनी माझ्यासमोर चार निगेटिव्ह दिव्यावर ठेवल्या, कडा जुळवल्या, एन्लार्जरमध्ये घालून कागदावर उजेड पाडला आणि तो कागद औषधाच्या पाण्यात टाकला. आधी काहीच नाही. मग बांगड्या फुटून सांडल्यासारख्या रेघा वर आल्या, एकात एक गोल. "जुओ बेन," काका म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी बाटल्याचा विषय काढला नाही.

रविवारी सकाळी चहाबरोबर मी फोटो ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला. मग बोट ठेवलं ते बरोबर मधोमध.

"हे बघ. ध्रुवपण हललाय. तांदळाच्या दाण्याएवढा, पण हललाय."

"हो. तो हलला. तुम्हीच तेवढे राहिलात."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कधीपासून कधीपर्यंतचा आहे हा?"

"तुमची बस जाते तेव्हापासून उजाडेपर्यंत."

ते पुन्हा खाली वाकले. मशीन तपासायचे तसे रेघेवरून बोट फिरवत गेले आणि थांबले. चारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या मध्ये प्रत्येक रेघ तुटलेली होती. एकूण एक तारा, बोटाच्या पेराएवढा.

"इथे काय झालं? फिल्म अडकली?"

अडकली म्हटलं असतं तर विषय संपला असता. मी म्हटलं, "जिन्यात पावलं वाजली. मला वाटलं तुम्ही आलात. मी खाली गेले होते."

ह्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला. मग मुलगी उठली आणि तिला दूध पाहिजे होतं.

सोमवारी संध्याकाळी डब्यात चिठ्ठी होती. "अर्ज दिला. ओव्याने कॅमेऱ्याला तेलकटपणा येतो, जाड कापड वापर."

जागा दुसऱ्याला मिळाली. तो साहेबांच्या जास्त डोळ्यांसमोर असायचा, म्हणजे दिवसा. पण फेब्रुवारीत एका बुधवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा हे दाढी करत नव्हते. स्टँडचे पाय पुसत होते. एका रात्रीची रजा टाकली होती. "कारण काय लिहिलंत?" मी विचारलं. "घरगुती," ते म्हणाले.

मुलगी मध्ये, हे तिच्या पलीकडे, असे आम्ही गच्चीवर सतरंजीवर बसलो. तव्यावरचा ओवा मी आणला होता, जाड कापडात. ह्यांनी तिला ध्रुव दाखवला, अंगणात मला दाखवला होता तसाच, त्याच शब्दांत. मला खूप बोलायचं होतं. चिठ्ठीत न मावणारं बरंच साठलं होतं आणि कुठून सुरू करावं त्याचा मी विचार करत होते. दिवसभर मी बँकेत काउंटरवर बसलेले होते. पाय पसरले आणि उशीला डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा पूर्वेला राखाडी दिसत होतं. अंगावर दोन घोंगड्या होत्या, माझी आणि त्यांची. मुलगी माझ्या कुशीत. हे स्टँडपाशी उकिडवे बसून शेवटची फिल्म गुंडाळत होते, रात्रपाळीच्या माणसासारखे टक्क जागे.

"उठवायचं नाही का?" मी म्हटलं.

"दोनदा हाक मारली. तू 'बघू' म्हणालीस."

दिवसपाळी पुढे मिळाली, मुलगी पाचवीत गेल्यावर. तोपर्यंत मागच्या शेडवर मोठे दिवे लागले होते, बुधवारी जनरेटर चालायचा, आणि गच्चीवरून ध्रुव शोधावा लागायचा. संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचो आणि पहिले काही दिवस काय बोलावं ते कुणालाच सुचायचं नाही. एकदा त्यांनी उठून चहाच्या डब्यात हात घातला आणि तसाच काढून घेतला.

दोन्ही फोटो कपाटाच्या दाराला आतून लावलेले आहेत. दुसरा चांगला आला आहे, काकांनी त्याची मोठी प्रत करून स्टुडिओच्या काचेतही लावली होती. त्यात रेघा कुठेही तुटलेल्या नाहीत. साडी काढायला दार उघडलं की मी आधी तोच बघते. इतकी वर्षं वाट पाहिलेली ती एक रात्र, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत, त्यात सबंध आहे, आणि मी ती झोपून काढली.