आठवीच्या वर्गात मागे राहिलेला आवाज

शनिवार होता, सकाळची शाळा. गोंदिया जिल्ह्यात, बोदलकशाच्या रस्त्यावरच्या आमच्या इंग्लिश स्कूलमध्ये मी आठवीला इंग्रजी शिकवत होते... आणि वर्गात एक आवाज जास्तीचा येत होता.

म्हणजे कसं, मी एक वाक्य म्हणायचे, मग सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. "द सन राइझेस इन द ईस्ट." सगळे थांबायचे, आणि नंतर एक आवाज एकटाच मागून यायचा. जड, नाकातला, जसा कोणी रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलतंय.

पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी मस्करी करतंय. दुसऱ्यांदा रागावले. तिसऱ्यांदा मात्र अंगावर काटा आला, कारण कोणीच हसत नव्हतं.

आमच्या शाळेची शांतता बाहेरच्या माणसाला कळायची नाही. शाळेच्या आवारात मराठी बोलायला बंदी. जो बोलेल त्याच्या गळ्यात दिवसभर पाटी, आणि सोमवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं राहायचं. पोरं सगळी आसपासच्या खेड्यांतली, घरी झाडीबोली, म्हणजे आमच्याकडची मराठी. इंग्रजी येत नाही, मराठी चालत नाही... म्हणून पोरं गप्प. मधल्या सुट्टीतसुद्धा डबे उघडल्याचे आवाज यायचे, बोलण्याचे नाही. मला तर नवीन असताना त्या व्हरांड्यातून एकटीने जायची भीतीच वाटायची.

त्या दिवशी मात्र वेगळंच होतं. मी फळ्याकडे बोट दाखवत होते आणि एकही पोर फळ्याकडे बघत नव्हतं. तोंडं इंग्रजी म्हणत होती, माना मात्र सगळ्यांच्या तिसऱ्या बाकाकडे वळलेल्या.

तिथे प्रणाली बसली होती. हुशार पोरगी, पहिल्या पाचातली. मान मागे टाकून, हनुवटी वर करून माझ्याकडे बघत होती. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. मी जवळ गेले तर तिनं भुवया वर ओढून मला नीट बघायचा प्रयत्न केला... आणि हसली. अर्ध्याच ओठांनी. तिच्या युनिफॉर्ममध्ये दुसरंच कोणीतरी येऊन बसलंय, असं वाटलं मला. खरं सांगते, दोन पावलं मागे सरकले मी.

"आर यू स्लीपी?" मी विचारलं.

"येस मॅडम," ती म्हणाली. तोच घागरीतला आवाज.

तिच्या शेजारची वैष्णवी उभी राहिली. "मॅडम... प्रणाली... मॉर्निंग... होम..." एवढं म्हणून ओठ चावत खाली बसली. डोळ्यांत पाणी. बाकी वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता, जणू मी काहीतरी करायची वाट बघतोय.

माझं माहेर तिरोड्याकडचं. मी पण झाडीबोलीतच वाढलेली. काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "काऊन वो वैष्णवी, काय झाला तिले? सांग बरं मले!"

वैष्णवी रडतच बोलली. "मॅडम, तिच्या घरी सकारी गोधडीत साप निंगाला! कारा होता, पांढऱ्या पट्ट्याचा. तिच्या बापानं मारला. चावला नाही म्हणे... पन ती कवाची पोट दुखते म्हणून राह्यली, आन् आता तिचे डोरे नाही उघडून राह्यले!"

काळा, पांढऱ्या पट्ट्याचा. मण्यार. चावलेलं कळत नाही, दुखत नाही, खूण दिसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत जमिनीवर झोपणाऱ्या घरांत ही भीती असतेच. आणि हे चाळीस पोरांना माहीत होतं, पहिल्या तासापासून... फक्त ते सांगायला इंग्रजी नव्हतं कोणाकडे.

मी ओरडत बाहेर पळाले. आमचे प्रिन्सिपल सर गोंदियाचे, मराठीवर बंदी त्यांनीच घातलेली. तेच हिंदीत ओरडले, "गाडी निकालो, जल्दी!"

गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर. तिरोडा यायच्या आत पापण्या पूर्ण मिटल्या. चिमटा काढला, हाका मारल्या... काही नाही. हात गार. मी आपली बोलतच राहिले, आमच्या बोलीत, सुचेल ते. तिरोड्यात इंजेक्शनं दिली आणि लगेच गोंदियाला पाठवलं. तिथे मशीनवर श्वास. दवाखान्यात तिची आई माझ्या गळ्यात पडून "गेली वो माही पोरगी" म्हणून रडत होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं.

पोरगी वाचली. घरी आल्यावर मी भेटायला गेले. खाटेवर बसून भात खात होती. म्हटलं, आठवतं का गं काही?

"मॅडम, मले सप्पा आयकू येत होता," ती म्हणाली. "गाडीतला, दवाखान्यातला... सप्पा. डोरेच उघडत नव्हते, बोट हालत नव्हता."

सगळं ऐकू येत होतं तिला... आईचं रडणंसुद्धा.

मी विचारलं, "खूप भेव लागला का?"

"पयले नाही लागला," ती म्हणाली. "पन तुमी मराठीत बोलाले लागल्या ना गाडीत... तवा लागला. म्हटला, मॅडम आपल्या बोलीत बोलून राह्यल्या, म्हंजे आता काई मी वाचत नाही."

तेव्हापासून वर्गात गेले की आधी विचारते, "जेवून आले का गा सारे?" प्रिन्सिपल सर ऐकतात आणि व्हरांड्यातून पुढे निघून जातात. रोज काहीतरी बोलते, उगाचच... माझ्या तोंडून आपली बोली ऐकून कुठल्याच पोराला मरणाची आठवण येऊ नये, एवढ्यासाठी.