भिंतीआडची पलटण

ज्याला उठवायचं असतं, त्याचा आधी सत्कार करतात. दातवालीला हे कुणी शिकवायला नको होतं. कवळ्या बनवणाऱ्या ज्या कारखान्यात ती काम करायची, तिथल्या सगळ्यात जुन्या कारागिराला असंच टाळ्या वाजवून घरी बसवलं होतं, आणि त्या दिवशी हात खिशात ठेवून उभी राहिलेली ती एकटीच. म्हणून मंडळाच्या बैठकीत तिचा दीर उठून जेव्हा म्हणाला, "आपल्या जुन्या शिशाच्या सैनिकांचा आता उचित सन्मान व्हावा," तेव्हा पुढचं वाक्य यायच्या आतच तिचं डोकं तापलं.

मंडळ लढाया खेळणाऱ्यांचं. लाकडी सामानाच्या दुकानावरची लांबट खोली, मधोमध मोठं टेबल, त्यावर बोटभर घरं, नदी, पूल, आणि पेराएवढे रंगवलेले सैनिक. दर रविवारी दुपारी तिथे नेपोलियनच्या काळातल्या लढाया फाशांनी आणि मोजपट्टीने पुन्हा लढल्या जात. ज्याला इतिहासात मार बसला, त्यालाही दर आठवड्याला नवी संधी.

दातवालीचं सैन्य तिच्या सासऱ्यांनी जमवलेलं. तरुणपणापासून भंगारवाल्यांच्या टोपल्या आणि जुन्या बाजारातले खोके धुंडाळून त्यांनी एकेक शिपाई आणला होता. कुणाची बंदूक मोडलेली, तिथे टाचणी बसवली. कुणाचं डोकंच नव्हतं, त्याला दुसऱ्याचं लावलं. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी कुंचला मुलांपुढे न धरता सुनेपुढे धरला. "पोरी, तू दिवसभर खोट्या हिरड्यांना खरा रंग देतेस. यांच्या गालांना दे." तिने दिला. लाल डगल्यावर आधी तपकिरी छटा, मग लाल, मग घडीच्या टोकावर केसाएवढी नारिंगी रेघ. कारखान्यातले झिजलेले कुंचले तिने वाया जाऊ दिले नाहीत. सासऱ्यांनी रंगवलेल्या शिपायांना मात्र तिने कधी खरवडलं नाही. रंग उडाला असेल तिथेच टिकली लावायची, बाकी त्यांचा हात तसाच ठेवायचा.

दीर गाड्यांच्या दालनात विक्रेता. नवं ते सोनं, हा त्याचा धर्म. त्याचं निळं सैन्य नव्या घडणीचं, उंच, रुंद छातीचं. हे सैनिक बनवणारे दर काही वर्षांनी ते थोडे मोठे करत जातात. दातवाली म्हणायची, "नेपोलियन जाऊन दोनशे वर्षं झाली, भाऊजी, पण तुमचे शिपाई अजून वाढीला लागलेत."

त्या बैठकीत दिराने काचेचं कपाट दाखवलं. सागवानी, आत दिवा. "बाबांचं सैन्य इथे मानाने राहील. टेबलावर ते आता शोभत नाही, वहिनी. माझ्या शिपायांशेजारी उभं केलं की शाळेची सहल आल्यासारखं वाटतं."

दोघंचौघं हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीत सासरे काठी धरून बसले होते.

"बंद लाकडी कपाटात शिशाला पांढरी बुरशी धरते," दातवाली म्हणाली. "आतून पीठ होतं त्याचं. तुम्ही यांना मखरात बसवत नाही आहात, पुरताय. आणि बुरशी नसती तरी मी दिले नसते. शिपाई लढायला केलेत, लोकांनी नाक काचेला लावून बघायला नाही."

"मग लढा ना," दीर म्हणाला. "येत्या लढाईत माझ्यासमोर उभे करा. जिंकलात तर पुन्हा कपाटाचं नाव काढणार नाही. हरलात तर सैन्य कपाटात आणि किल्ली माझ्याकडे."

"बोलाल ते फिरवणार नाही?"

"मंडळाचा चिटणीस आहे मी."

"म्हणून तर विचारलं."

इथवर सगळं ठीक. पण दिराने पुढे एक गोष्ट केली, ती फक्त दीरच करू शकतो. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या घरी आला, टेबलासाठी त्याने स्वतः ओतून केलेल्या दगडी भिंतींचा खोका स्वयंपाकघरात ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, भांडण भांडणाच्या जागी. तुमच्यासारखा दगड कुणाला रंगवता येत नाही. एवढं करून द्या."

"लाज नाही वाटत?"

"घरच्यापुढे कसली लाज?"

पुटपुटत का होईना, तिने रंगवल्या. खिडकीच्या कठड्यावर भिंती वाळत ठेवल्या. तिथेच तिची लाल पलटणही वाळत होती. चहाचा कप घेऊन ती खाली वाकली आणि थबकली. भिंतीच्या वर नुसते तुरे दिसत होते. डोकं नाही, खांदा नाही. दिराने भिंती आपल्या उंच शिपायांच्या छातीच्या मापाने ओतल्या होत्या. तिचे त्यामागे उभ्याउभ्या गडप. तिने चहा संपवला, भिंतींवर थोडं शेवाळही रंगवून दिलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

रविवारी पंच होता मंडळातला खाटीक. अवाढव्य माणूस, पण टेबलावर हात असा हलका की एक झाड पडायचं नाही. कोणाला कोण दिसतं हे ठरवायचा त्याचा एकच मार्ग. दातवालीने कारखान्यातून आणून दिलेला, दात बघायचा लांब दांड्याचा आरसा तो शिपायाच्या डोक्याशी धरायचा आणि त्यात बघायचा. दिसला तर गोळी, नाही दिसला तर नाही. खेळ संपताना पूल ज्याच्या ताब्यात, तो जिंकला.

दातवालीने मोठी पलटण रस्त्याकडेच्या भिंतीमागून पुलाकडे चालवली. दिराने हात चोळले. "तोफा. लाल पलटणीवर."

खाटकाने आरसा धरला. वाकला. आणखी वाकला. "दिसत नाही."

"काय दिसत नाही? तुरे दिसतायत की."

"तुरे दिसतायत. माणसं दिसत नाहीत."

"मग तुरे काय हवेत तरंगतायत?"

कोपऱ्यात काठी आपटली. "गेल्या वर्षी तुझा सेनापती तुऱ्यामुळे मारला गेला," सासरे म्हणाले, "तेव्हा तुरा, झेंडा, संगीन दिसण्यात धरायची नाही, हा नियम कुणी आणला रे? घसा बसेपर्यंत कोण भांडलं होतं?"

दिराचा चेहरा तापला. खाटीक शांतपणे म्हणाला, "चिटणीसांनीच आणला. नियम आहे."

तोफा गप्प राहिल्या. लाल तुरे भिंतीच्या कडेने सरकत राहिले, जणू शेतातून कोंबड्यांची रांग चालली आहे. दिराने घाईघाईने आपले निवडक शिपाई, उंच, केसाळ अस्वली टोप्यांची त्याची लाडकी तुकडी, पलीकडच्या भिंतीआडून पुलाकडे धाडले. भिंत त्याचीच, मापही त्याचंच.

"माझ्या तोफा," दातवाली म्हणाली.

खाटकाने आरसा धरला. या वेळी त्याला वाकावं लागलं नाही. "छातीपासून वर दिसतात. सगळे."

"वहिनी, या भिंतीला आडोसा म्हणतात."

"तुमच्या मापाचा आडोसा आहे, भाऊजी. मी फक्त रंग दिला."

फासे पडले. अस्वली टोप्या एकेक करून आडव्या झाल्या. पुलावर पोचले ते मूठभर. तिथे लाल पलटण भिंतीआडून बाहेर पडली, एकही शिपाई न गमावता. आता शेवटची फेरी, हातघाईची. दिराने फासा टाकला, सहा. दातवालीने टाकला, एक. फाशाच्या आकड्यात उरलेल्या शिपायांची संख्या मिळवायची, म्हणून खाटकाने दोन्हीकडचे शिपाई मोजले, मोजून परत मोजले.

"फासा एक पडला तरी पलटण अखंड आहे, बेरीज लालची मोठी. निळे मागे. पूल लालचा."

मग असा गलका झाला की खालच्या दुकानदाराने छताला झाडू ठोकला. खाटकाने दातवालीचा हात असा हलवला की तिचा खांदा दुखला. मागे शाळेच्या सहलीला हसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "दातवाली बाई, त्याचे दात त्याच्याच घशात घातलेत की."

"मापाने बसवले," ती म्हणाली. "धंदाच आहे माझा."

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने पुलावरचा पुढचा शिपाई त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने त्याची टाचणीची बंदूक चाचपली. "हा मी भंगारातून काढला तेव्हा सगळे म्हणाले, वितळवून टाक." त्यांनी शिपाई परत पुलावरच ठेवला. हात थरथरत होता, पण एकही शेजारी पडला नाही.

दीर कपाटापाशी उभा होता. शब्द मात्र त्याने फिरवला नाही, तेवढं त्याचं मान्य करायला हवं. "याचं आता काय करू?" त्याने विचारलं.

"छान आहे की. चहाचे कप ठेवा."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी ठेंगण्या भिंती ओतून आणा. मी रंगवून देईन." तिने पलटण कापसात निजवून पेटी बंद केली आणि त्याच्याकडे सरकवली. "आता ही खाली न्या, भाऊजी. दोन्ही हात लावा. शिसं आहे, जड लागेल."