कुष्ठरोग झाला आणि परीचं दूध तोडलं

डॉक्टर मॅडमनी मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "जहाँ छुऊँ, वहाँ उँगली रखना." मी डोळे मिटून बसले. वाट बघत बसले. मला वाटलं मॅडम दुसऱ्या पेशंटशी बोलायला लागल्या असतील, म्हणून जरासे डोळे उघडून बघितलं, तर त्या माझ्या डाव्या हातावर पेनाचं टोक टेकवून माझ्याकडेच बघत होत्या. मला कळलंच नव्हतं.

मग त्यांनी कोपराच्या मागची नस चाचपली. ती सुतळीसारखी जाड झाली होती. तिथं दाबल्यावर मात्र मी ओरडले. मॅडम म्हणाल्या, "लेप्रसी है बेटा. कुष्ठ रोग. दवाई से ठीक हो जाएगा." ठीक होईल हे मी ऐकलंच नाही. कुष्ठ ऐकलं आणि कानात नुसतं सूं सूं व्हायला लागलं. देवळाबाहेर हाताला फडकी गुंडाळून बसतात ती माणसं डोळ्यांपुढं आली. मॅडमनी विचारलं मुलं किती, मी म्हटलं एक मुलगी. ती केवढी आहे हे त्या विचारणार तेवढ्यात मागच्या बाईनं आपली नंबराची परची पुढं सरकवली आणि तेवढंच राहून गेलं. त्या तेवढ्यानंच पुढचं सगळं झालं.

मी शीतल. शाळा नववीपर्यंत. लग्न होऊन भोपाळला आले, आनंद नगरला राहते, आमचे हे कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डिंग करतात. मला असं लिहायची सवय नाही. पण माझ्यासारखी कोणी आत्ता कुठल्या मागच्या खोलीत बसली असेल तर तिनं वाचावं म्हणून लिहिते.

पहिला दाग माझी परी पोटात असताना आला. दंडावर, फिका, रुपयाएवढा. खाज नाही, दुखणं नाही. सगळ्या म्हणाल्या गरोदरपणात होतात असे, कॅल्शियम कमी पडलं. सासूबाईंनी सायीत हळद कालवून लावली. प्रेमानंच लावायच्या.

आणि हाताचं तर आम्हाला कौतुक वाटायचं, हे आता सांगताना कसंसंच होतं. मी फुलके चिमट्याशिवाय उलटायची. गॅसच्या जाळावरचा फुगलेला फुलका सरळ बोटांनी उचलायची. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या शीतलला चिमटा लागत नाही हो, मुरलेला हात आहे." शेजारच्या तिवारी आंटी हसायच्या, "हाथ है कि तवा? मेरी बहू तो दो रोटी में रोने लगती है, ज़रा इसके पास ट्रेनिंग को भेजूँ?" मीही फुगून जायची. माहेरी कधी कोणी माझं काही नावाजलं नव्हतं ना. एकदा बोटाला मोठा फोड आला तो मला दिसला तेव्हा कळला. तरी कोणाच्या डोक्यात आलं नाही की हिला भाजलेलं कळतच नाही.

मग करंगळी वाकायला लागली. परीच्या झबल्याची बटणं लागेनात. तेव्हा मी सरकारी दवाखान्यात गेले.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे बघत बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. परी माझ्या मांडीवर दूध पीत होती. त्या आल्या, वाकल्या आणि तिला माझ्यापासून ओढून घेतली. परीच्या तोंडातून दूध सांडलं.

"आई, तिचं पिऊन होऊ द्या."

"वेडी झालीस? आमच्या गावात एकाला झालं होतं हे, वेशीबाहेर झोपडं बांधून दिलं होतं त्याला, भाकरीसुद्धा लांबून टाकायचे. मी तुला घराबाहेर काढत नाहीये शीतल. पण पोरीला नको. तू आई आहेस ना हिची? मग तूच सांग, पाजशील?"

मी मान हलवली, नाही म्हणून. मलाही तसंच वाटलं होतं की माझ्या दुधातून जाईल तिला. कोणाला विचारायचं सुचलंच नाही. मॅडमना तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मागच्या खोलीत कूलर आणि जुन्या गाद्या असतात, तिथं माझी सोय झाली. ताट, वाटी, पेला वेगळा. शेजारी सांगितलं, शीतलला टायफॉइड झालाय. तिवारी आंटींनी मूंगाची खिचडी पाठवली. मी ती खाताना रडले, कारण खरं कळलं असतं तर पाठवली असती का?

परी पलीकडच्या खोलीत रडायची. तिला वाटी-चमच्यानं दूध पाजायचे, ती थुंकायची. ती रडली की माझं ब्लाउज भिजायचं. छाती दगडासारखी व्हायची, ताप यायचा, तेव्हा मी मोरीत बसून दूध पिळायची. पण ते मोरीत वाहू द्यायचं नसतं, झाडाला घालायचं असतं, असं माझी आई सांगायची. म्हणून वाटीत घ्यायची आणि मागच्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायची. रोज. हळूहळू ती रडायची कमी झाली. मला वाटलं बरं झालं, आणि मग वाटलं, हिला माझी सवय सुटली. त्या दिवशी मी जेवलेच नाही.

दवाखान्याला एकटीच जायची. बसमध्ये हात ओढणीत. स्किन स्मीअर म्हणून तपासणी असते, कानाच्या पाळीला बारीकशी चीर देऊन तिथला रस काचेवर घेतात आणि दुर्बिणीतून जंतू बघतात. थोडं दुखतं, घाबरू नका. माझ्यात जंतू निघाले. मग एमडीटी सुरू झाली. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन औषधं, महिन्याचं गोळ्यांचं पान मिळतं, पैसे लागत नाहीत, माझ्यासारखीला वर्षभर घ्यायचं. पहिल्या गोळीनंतर लघवी लाल होते. मी किंचाळले होते, मला वाटलं रक्त. ते औषधाचं असतं. दुसऱ्या एका गोळीनं अंग काळपट होतं, नंतर जातं. हे कोणी आधी सांगितलं तर जीव इतका उडत नाही, म्हणून सांगते.

बाकावर सगळे एकमेकांपासून सरकून बसायचे. रोगी रोग्यापासून सरकायचा. मीसुद्धा सरकायची.

दुसरं पान घ्यायला गेले तेव्हा मॅडमनी सांगितलं होतं तसं घरचे सगळे आले होते, एका घरात राहणाऱ्या सगळ्यांना तपासतात म्हणून. सासूबाई परीला कडेवर घेऊन बाकाच्या पार त्या टोकाला. ह्यांचं तपासून झालं, सासूबाईंचं झालं, परीला उघडी करून पाठपोट बघितलं. दाग नव्हता कोणाला. परी सुई टोचल्यासारखी रडायला लागली आणि मला पान्हा फुटला, ओढणीवरसुद्धा डाग आला. मॅडमनी बघितलं.

"ये बच्ची तुम्हारा दूध पीती है?"

मी खाली बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "छुड़वा दिया जी. छूत की बीमारी है ना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किसने कहा छुड़वाने को? मैंने? दूध से नहीं जाता ये. जिस दिन से दवाई शुरू हुई, इससे फैलने का डर गया समझो. और ज़्यादातर लोगों को तो ये बीमारी होती ही नहीं, शरीर खुद लड़ लेता है. पिलाने दीजिए. बच्ची का रंग थोड़ा साँवला हो सकता है दवाई से, बस, वापस आ जाएगा."

"पर मैडम, हमारे गाँव में..."

"माताजी, इधर आइए."

मॅडमनी सासूबाईंचा हात धरला आणि माझ्या कोपराच्या मागं ठेवला. म्हणाल्या ही नस बघा, ही वाढते का, दुखते का, हे घरात कोणीतरी बघायला पाहिजे, रोज हात-पाय बघायला पाहिजेत कुठं भाजलं कापलं का, कारण हिला स्वतःला कळत नाही. "कौन देखेगा? पति तो ड्यूटी पर रहता है."

सासूबाईंची बोटं माझ्या कोपरावरच राहिली. इतक्या दिवसांत घरच्या कोणी मला हात लावला नव्हता. मला नस दुखत होती का ते आठवत नाही. मी फक्त हलले नाही, हलले तर त्या हात काढून घेतील म्हणून.

घरी आल्यावर सासूबाई परीला माझ्या खोलीत घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी ओढणी बाजूला केली. परीनं तोंड फिरवलं. तिला मी आठवतच नव्हते. तिनं सासूबाईंकडे हात पसरले आणि जी रडायला लागली, अंग ताठ करून, मला लाथा मारत. मला वाटलं संपलं. मी म्हटलं, "घ्या आई तिला, नाही येत ती माझ्याकडे."

सासूबाईंचे हात पुढं आले होते. अर्धे आले आणि त्यांनी मागं घेतले, पदरात गुंडाळले. म्हणाल्या, "नाही. तुझ्यापाशीच रडू दे तिला." आणि जमिनीवर बसल्या, मला चिकटून नाही, पण खोलीच्या आत.

खूप वेळ रडली ती. मग दमली, हुंदके देत देत तोंड लावलं, सोडलं, परत लावलं. दूध कमी होतं. तरी प्यायली.

सगळं सरळ झालं असं नाही. माझं ताट अजून वेगळं आहे. करंगळी पूर्ण सरळ होईल की नाही माहीत नाही, तिचा व्यायाम करते. शेजारी अजून टायफॉइडच ठाऊक आहे, आणि तिवारी आंटी दारात आल्या की मी हात ओढणीत लपवते. हे माझ्याशी बोलतात आता, थोडं. पण रोज अंघोळीनंतर सासूबाई चष्मा लावून माझे तळहात-तळपाय बघतात, पुटपुटत, "दाखव गं, नीट दाखव." त्या मॅडमचे उपकार मी कसे फेडू? आणि सासूबाईंचेसुद्धा. त्या घाबरलेल्या होत्या, मी घाबरलेली होते, दोघींपैकी कोणीच विचारलं नाही.

तुम्ही विचारा. लाज वाटली तरी विचारा, मागच्यानं परची पुढं सरकवली तरी खुर्चीवरून उठू नका. माझं लेकरू लहान आहे, अंगावर पितं, एवढं म्हणा, मग उठा. परी आत्ता माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपलीय, दागावरच. तिचं डोकं मला तिथं कळत नाही. त्याच्या खाली, कोपराच्या खळगीत, तिचा श्वास लागतो, तो कळतो.