बंबाच्या आवारातली कवायत

मी नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात ड्रायव्हर आहे. गावात आमच्या गाडीला सगळे बंब म्हणतात आणि आम्हाला बंबवाले. केंद्र बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर आहे. दोन गाड्या मावतील एवढी शेड, बाजूला दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि मागे मुरमाचं मोकळं आवार. या आवारात रोज सकाळची कवायत सुरू झाली ती आमच्या साहेबांच्या दुखण्यामुळे.

साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं जाड, बोलायला मोकळा माणूस. एका उन्हाळ्यात गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कापसाला आग लागली. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते, म्हणून ढीग उपसत उपसत पाणी मारावं लागतं. दुपारपर्यंत आमचं तेच चाललं होतं. मध्येच साहेब पाईप दुसऱ्याच्या हाती देऊन भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. मला वाटलं पाणी प्यायला बसले असतील. जवळ गेलो तर शर्ट घामानं चिंब आणि चेहरा राखेसारखा.

"छातीवर कोणी बसल्यावानी वाटून राह्यलं बे," एवढंच ते बोलले.

रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. दुसरी गाडी आगीवर ठेवली आणि साहेबांना बंबातच घालून, सायरन वाजवत मी सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या लोकांना वाटलं दवाखान्यातच कुठे आग लागली. एक जण तर वाळूची बादली घेऊनच बाहेर आला. पुढं संभाजीनगरला नेऊन त्यांना स्टेंट टाकली. ते वाचले.

काही महिन्यांनी साहेब कामावर परतले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. रस्त्यानं चालायची त्यांना लाज वाटे. दिसेल तो थांबवून तब्येत विचारायचा. मग ते आवारातच भिंतीच्या कडेनं फेऱ्या मारू लागले. एक दिवस मला म्हणाले, "तू काऊन बसला? तुयं पोट पाह्य जरा. उद्या तुले कोण नेईन दवाखान्यात? गाडी तर तूच चालवतं."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत चालू लागलो. नंतर बाकीचे फायरमनही आले. चालण्यात बैठका आल्या, शिडी चढणं-उतरणं आलं, भरलेला पाईप ओढणं आलं. साहेब स्वतः हलकं तेवढंच करत आणि आमच्याकडून मात्र शिट्टी वाजवत घाम निघेपर्यंत करून घेत.

आवाराची भिंत कमरेएवढी आहे. सकाळी फिरायला जाणारे लोक थांबून बघू लागले. समोरच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर रोज थांबत. एकदा त्यांनी विचारलं, "आमाले येता येईन का आत?"

"या ना सर," साहेब म्हणाले. "जागा नगरपालिकेची आहे, म्हणजे तुमचीच."

मास्तर आले, त्यांच्यामागे शेजारचे किराणा दुकानदार आले, बाजार समितीतले दोन-चार हमाल आले. साहेबांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावून सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासून घेतली. पोत्यावर पोतं उचलणाऱ्या हमालाचं बीपी वाढलेलं निघालं, तेव्हा तो बराच वेळ नर्सबाईंशी वाद घालत होता. त्या दिवशी मी बायकोलाही घेऊन गेलो होतो. तिची शुगर वाढलेली निघाली.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "उद्यापासून तूही चल."

"मी दिवसभर कामच तर करून राह्यली. आणखी काय करू?"

"काम वेगळं, व्यायाम वेगळा."

"आणि तुमच्या त्या बनियनवाल्या माणसायमंधी येऊ का मी?"

हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट घालून यायला सांगितलं आणि टाकीकडची बाजू बायकांसाठी मोकळी केली. चार-पाच दिवसांनी बायको गल्लीतल्या दोघींना घेऊन आली. नऊवारी-पाचवारीची अडचण नको म्हणून एकीनं मुलीचा पंजाबी ड्रेस घातला होता. माझी बायको साडीवरच होती, पदर कमरेला खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे बूट. ती सगळ्यात मागे उभी राहिली. हळूहळू बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली.

पण आमच्या कवायतीत एक अडचण होती. फोन आला की आम्हाला पळावं लागे. लोक हात वर करून उभे असायचे आणि शिकवणाराच गाडीत उडी मारून निघून जायचा. परत यावं तर आवार रिकामं. असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं, तसे लोक गळू लागले. उन्हाळा तोंडावर होता, फोन वाढणारच होते. साहेब नाराज झाले. म्हणाले, "आपलं काम आग विझवायचं. हे आपल्याच्यानं नाही निभणार."

मी घरी तसं बोललो तर बायको भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुमी निघून जाता. मंग आमी तिथं पाहुण्यावानी बसून राहावं का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कवायत ऐन रंगात असताना उंद्रीच्या रस्त्यावरून फोन आला. शेतातल्या कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या भुशाच्या, गंजीला आग लागली होती. गोठा जवळच होता. गोठा वाचवला, जनावरं आधीच सोडलेली होती, गंजी मात्र गेली. धुरानं काळे होऊन आम्ही परत आलो तेव्हा ऊन चढू लागलं होतं. गाडी आवारात वळवली आणि मी ब्रेकवर पाय ठेवून तसाच राहिलो.

सगळे होते. रांगा होत्या. पुढं माझी बायको उभी होती, गळ्यात साहेबांची खुंटीवरची शिट्टी. ती मोठ्यानं आकडे म्हणत होती आणि किराणा दुकानदारापासून हमालापर्यंत सगळे तिच्या आकड्यावर वाकत होते. मास्तरांचे गुडघे वाकत नव्हते तर ती त्यांना म्हणाली, "सर, तुमी खुर्ची धरा. जेवढं जमते तेवढंच करा."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाहुण्यांसमोर ती चहा ठेवून आत निघून जाणारी. तिचा आवाज एवढा चढतो हे मला माहीत नव्हतं. मला अभिमान वाटला की संकोच, ते तेव्हा कळलं नाही. थोडं दोन्ही असावं.

आम्हाला पाहून ती थांबली नाही. "तुमी हातपाय धुवा," म्हणाली. "आमचं होतच आलं."

साहेब पायरीवर बसून शेवटपर्यंत बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला विचारलं, "वहिनी, आमी नसलो की तुमी कवायत घेसान का रोज?" तिनं माझ्याकडे न बघता हो म्हटलं.

आता आम्ही असलो तरी तीच घेते. आम्ही तिच्यामागे उभे राहतो आणि फोन आला की मागच्या मागे निघून जातो. कोणाची रांग मोडत नाही. साहेब शिडी चढत नाहीत, पण रोज न चुकता फेऱ्या मारतात. मास्तरांचे गुडघे आणखी दुखू लागले, त्यांनी येणं सोडलं. बायकोची शुगर उतरली, गोळी मात्र सुटलेली नाही. बीपी वाढलेल्या त्या हमालानं तंबाखू सोडली, पुन्हा धरली, आणि आता पुन्हा सोडली आहे म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात डोणगावला तिच्या बहिणीच्या बचत गटानं तिला कवायत शिकवायला बोलावलं. मी मोटारसायकलवर घेऊन गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या आणि मी बाहेर लिंबाखाली बसलेल्या गावातल्या पुरुषांजवळ उभा राहिलो. एकानं विचारलं, "तुमी फायर ब्रिगेडमंधी ना? मंग तुमी काऊन नाही शिकवत?"

"मले इतकं जमत नाही," मी म्हणालो. "मी तिले घेऊन आलो."

त्यानं मान डोलावली आणि मला बसायला बाजेवर जागा करून दिली.