शेवटच्या पुस्तकातलं जास्तीचं वाक्य

काटेवाल्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. चौतीस वर्षं ते खडीच्या खाणीबाहेर भुईकाट्यावर कामाला होते. ट्रक लोखंडी पाट्यावर चढायचा, खिडकीतल्या यंत्रावर आकडा स्थिर व्हायचा, तो ते मोठ्यानं वाचायचे आणि पावतीवर लिहायचे. किलोभर इकडे नाही की तिकडे नाही. ड्रायव्हर चिडायचे, गयावया करायचे, चहा पाजायचे. चहा ते आनंदानं प्यायचे आणि आकडा तोच लिहायचे.

"अहो, देवाच्या दारात तरी एवढी कडक मोजणी असेल का?" एकानं वैतागून विचारलं.

"तिथे माझी ड्यूटी नाही," काटेवाले म्हणाले आणि पुढच्या ट्रकला हात केला.

त्यांची बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. टेपवरचे आकडे तिला वाचता येत, अक्षरं मात्र येत नसत. लग्नानंतर त्यांनी हौसेनं पाटी आणली होती. तिनं चार दिवस रेघोट्या ओढल्या आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही आहात ना? वाचा तुम्ही, अर्थ मी बघते." तेव्हापासून रोज संध्याकाळी मशीन थांबलं की ते तिला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचे, वजन वाचावं तशा सपाट आवाजात. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही. आणि अर्थ ती खरंच बघायची. त्यांच्या संसारातलं एकुलतं एक भांडण त्यातूनच निघालं.

भांडण शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकावरून. त्यात सैतानाचं एक श्वापद येतं, लोकांच्या उजव्या हातावर नाहीतर कपाळावर त्याच्या नावाची किंवा आकड्याची खूण येते, आणि ती खूण घेणाऱ्यांसाठी आगीचं सरोवर. काटेवाले म्हणायचे, हे सगळं प्रतीक आहे. छळ सोसणाऱ्या माणसांनी जुलमी राजाविषयी आडवळणानं लिहिलंय, उघड लिहिलं असतं तर मुंडकी उडाली असती. बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "काट्यावर वीस टन दिसलं की तुम्ही वीस टनच लिहिता ना? मग इथेच कुठून आलं तुमचं प्रतीक?" यावर काटेवाले पान उलटायचे.

याच वादावरून त्यांच्या चर्चची मंडळीही दुभंगली. अक्षर न् अक्षर खरं मानणारे एका तरुण पाळकाच्या, म्हणजे पास्टरच्या, मागे गेले आणि टायरच्या दुकानावरच्या माडीवर जमू लागले. बायको त्यांच्यात गेली. दर रविवारी नवराबायको कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत. मग ती माडीचा जिना चढायची आणि हे सरळ जुन्या चर्चकडे जायचे. परतताना जो आधी यायचा तो दुसऱ्यासाठी कोपऱ्यावर थांबायचा. "झाला का तुमचा जगाचा शेवट?" हे विचारायचे. "पुढच्या रविवारी ठेवलाय, तुम्हीपण या," ती म्हणायची. बावीस वर्षं असं चाललं, आणि खरं सांगायचं तर दोघांना त्यात मजा येत होती.

मग तिच्या साखरेनं डाव साधला. पायाच्या अंगठ्याला सुई लागली, तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज पाय कापावा लागेल, नाहीतर विष रक्तात जाईल.

ती पाय द्यायला तयार होती. अडलं ते भलत्याच ठिकाणी. नर्स प्लास्टिकचा पट्टा घेऊन आली. त्यावर लांबलचक नंबर आणि काळ्या रेघा. डाव्या हाताला सलाईन होतं, एक पाय कापायचा होता आणि दुसरा सुजून भोपळा झाला होता. "आजी, उजवा हात पुढे करा," नर्स म्हणाली.

तिनं हात पाठीखाली दाबून धरला.

नर्सनं समजावलं. पट्ट्याशिवाय ऑपरेशनला नेत नाहीत, एकीच्या जागी दुसरीला कापलं तर? ती ऐकेना. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "नंबर मी वाचला. त्या रेघांत काय लिहिलंय ते वाचा."

काटेवाल्यांनी चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणावं लागलं, "हे मला वाचता येत नाही गं."

"मग?"

मग दोन तास ते बोलले. जुलमी राजा, छळ, आडवळण, सगळं पुन्हा सांगितलं. घड्याळ पुढे चाललं होतं आणि पाऊल नासत होतं. तिला एक अक्षर पटलं नाही, हे त्यांना दिसत होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तुम्ही मला कधी खोटं वाचून दाखवलं नाहीत. तुम्ही सांगताय म्हणून बांधून घेते." आणि हात बाहेर काढला. आपण जिंकलो, असं त्या क्षणी त्यांना वाटलं. त्या वाटण्याची त्यांना पुढे जन्मभर शरम वाटली.

पाय गेला, पण उशीर झाला होता. विष रक्तात पसरलं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं की आता दोन-तीन दिवस.

माडीवरचे पाळक भेटायला आले. माणूस वाईट नव्हता. तिला ताई म्हणायचा, आणि कपडे तिच्याकडूनच शिवून घ्यायचा. त्याची नजर पट्ट्यावर गेली आणि चेहरा उतरला. ते तिनं पाहिलं. "याला काही माफी आहे का?" तिनं विचारलं. त्याला खोटं बोलता येईना. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "ताई, जे लिहिलंय त्यात मला तरी कुठे सापडत नाही." आणि तो तसाच निघून गेला.

त्यानंतर तिनं अन्न सोडलं. डोळे मिटले की आग दिसते म्हणायची आणि दचकून जागी व्हायची. मनगट घासून घासून तिनं सालटं काढली. काटेवाल्यांनी पट्टा कात्रीनं कापला, तर नर्सनं रागावून दुसरा बांधला. "राहू द्या," बायको म्हणाली. "एकदा घेतली ती घेतली." ती मरणार हे काटेवाल्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण ती अशी, भीतीनं थरथरत मरणार, आणि तेही आपल्या शब्दावर विसंबल्यामुळे, हे त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शास्त्र घेऊन बसले. "शेवटचंच वाचा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. ते वाचू लागले. श्वापद आलं, खूण आली, आग आली. आणि मग पानावरची नजर न उचलता, त्याच सपाट आवाजात, काटेवाल्यांनी पुढचं वाक्य वाचलं. ते त्या पानावर नव्हतं, कुठल्याच पानावर नव्हतं.

"परंतु जिने दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून ती खूण घेतली, तिच्या हातावरून ती पुसली जाईल, आणि ज्याने घ्यायला लावली त्याच्याकडून जाब घेतला जाईल."

ती वळली. "हे कधी ऐकलं नव्हतं."

"इथवर येईपर्यंत तुला रोज डुलकी लागायची."

ती किंचित हसली. "लागत असेल बाई. पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. "चुकलात," ती म्हणाली. "मघाशी 'विसंबून' होतं, आता 'भरवसा ठेवून' म्हणालात. नीट बघून वाचा." तिसऱ्यांदा त्यांनी बरोबर वाचलं. तिनं चार चमचे दूध घेतलं आणि तासभर शांत झोपली.

संध्याकाळी पाळक पुन्हा आले. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिनं त्यांना खुणेनं जवळ बोलावलं आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "आहे ना असं?"

पाळकांना ते पुस्तक तोंडपाठ होतं. त्यांनी काटेवाल्यांकडे पाहिलं. काटेवाल्यांनी मान खाली घातली. पाळकांची नजर तिच्या सालटं निघालेल्या मनगटावर गेली.

"आहे, ताई," पाळक म्हणाले. "मीच विसरलो होतो."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. पहाटे ती गेली, झोपेतच, अगदी शांतपणे.

पुढच्या रविवारी माडीला कुलूप होतं, त्याच्या पुढच्याही. काटेवाले चौकशी करत पाळकांच्या घरी गेले. पाळक स्वयंपाकघरात एकटेच बसले होते, दाढी वाढलेली.

"त्या पुस्तकाच्या अगदी शेवटी काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे," पाळक म्हणाले. काटेवाल्यांना माहीत होतं: या पुस्तकात जो एक शब्द वाढवील त्याच्यावर त्यातल्या सगळ्या पीडा येतील, आणि जो गाळील त्याचा स्वर्गातला वाटा जाईल. "वाढवलंत तुम्ही, हो म्हणालो मी. आता त्या माडीवर मी कुठल्या तोंडानं उभा राहू?"

काटेवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. तो शाप हातानं पोथ्या उतरवणाऱ्या जुन्या नकलनविसांना दिलेली दटावणी आहे, तो काळच तसा होता, ते सगळं प्रतीक आहे. बावीस वर्षांत कधी बोलले नव्हते इतकं कळवळून ते बोलले. आपल्या खोट्याचं त्यांना दुःख होतं, पण नरकाची भीती नव्हती. नरक अक्षरशः मानणारा माणूस समोर बसला होता, आणि सगळं ठाऊक असून तो 'आहे' म्हणाला होता.

पाळकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काटेवाले," ते म्हणाले, "ताईंना मी घाबरवलं होतं. ते फेडायला माझ्या आत्म्याशिवाय माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तो शाप नुसतं प्रतीक निघाला, तर मी त्यांच्यासाठी काहीच दिलं नाही असं होईल. हात जोडतो, मला समजवायला येऊ नका."